सेमिस्टर ॲट सी, भारतीय पासपोर्ट आणि "व्हिसे लवकर काढून ठेवा" हा सल्ला

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताय, फॉलमध्ये सेमिस्टर ॲट सीचं (जहाजावर राहून, देशोदेशीची बंदरं घेत शिकायचं) सत्र करताय, पासपोर्ट भारतीय आहे. आणि युनिव्हर्सिटीच्या ऑफिसनं सांगितलंय की "सगळे व्हिसे जितक्या लवकर काढाल तितकं बरं, बाकी जहाजवाले बघतील."

असं कृपा करून करू नका. अशाच एका ऑफिसनं (नाव घेत नाही) मला हेच सांगितलं होतं. त्यामुळे माझा जपानचा व्हिसा जहाज कोबे या जपानी बंदराला लागायच्या एकोणीस दिवस आधीच संपला.

जहाज कसं आहे, वर्ग कुठे भरतात, क्रेडिट कसे मिळतात हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. व्हिसाबद्दलच बोलतो. सेमिस्टर ॲट सीकडून मिळणारी सगळी माहिती अमेरिकी पासपोर्ट समोर ठेवून लिहिलेली असते. त्यात "व्हिसा लागत नाही" असं जिथे असेल, तिथे आपल्याला बहुतेक लागतोच.

मूळ मुद्दा असा. व्हिसाच्या मुदती दोन जातीच्या असतात. काही व्हिसे तुमच्या प्रवासाच्या तारखांना बांधलेले असतात. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) त्यातला: स्टिकरवर "फ्रॉम" आणि "अनटिल" अशा दोन तारखा असतात आणि त्या तुम्ही अर्जात दिलेल्या प्रवासावरून ठरतात. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो आणि लवकर मिळाला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या जातीच्या व्हिसाची मुदत ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून धावायला लागते. जपानचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा हा त्यातला. दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये पाऊल पडलं पाहिजे. स्टिकरवर "डेट ऑफ एक्स्पायरी" आणि "स्टे" या वेगळ्या ओळी असतात. तिथे "नव्वद दिवस" दिसलं की माणूस निर्धास्त होतो, पण ते आत गेल्यानंतर किती दिवस राहता येईल याचे नव्वद दिवस आहेत. आत कधीपर्यंत जायचं ते दुसरी ओळ सांगते.

आता तुम्ही दिलेल्या मार्गावर हे लावून बघा. १० सप्टेंबरला ॲमस्टरडॅमहून निघणार, मग लिस्बन, कासाब्लांका, लास पाल्मास, घाना, केपटाऊन, मॉरिशस, कोची, व्हिएतनाम, हाँगकाँग, आणि कोबेला ८ डिसेंबरच्या सुमारास. म्हणजे जपानचा व्हिसा ८ सप्टेंबरच्या आधी मिळाला असेल तर कोबेत तो निरुपयोगी. आणि १० तारखेला तर तुम्ही जहाजावर. एकदाच प्रवेशाचा साधा व्हिसा तुमच्या या मार्गात बसतच नाही. माझ्या वेळी हे त्या ऑफिसमधल्या कुणीही कॅलेंडर समोर ठेवून बघितलं नव्हतं, आणि त्याचा राग मला आजही येतो. दोन तारखांची वजाबाकी होती, बाकी काही नाही. स्प्रिंगच्या सत्राचा मार्ग वेगळा असू शकतो, त्यात जपान सुरुवातीला आलं तर ही अडचणच येत नाही. म्हणून स्प्रिंगला जाऊन आलेली मंडळी "काही अडचण आली नाही" म्हणतात. त्यांचं खरं आहे, पण त्यांचा मार्ग वेगळा होता.

मग करायचं काय? तीन वाटा आहेत, तिन्हींची तयारी एकाच वेळी चालू करा.

पहिली, कॉन्सुलेटकडे एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा, त्याची मुदत लांब असते. सोबत जहाजाचं छापील वेळापत्रक आणि एक पानाचं पत्र जोडा. "मी १० सप्टेंबरपासून समुद्रावर असेन, त्यामुळे तीन महिन्यांच्या आत पोहोचू शकत नाही" हे वाक्य पत्राच्या पहिल्या तीन ओळींतच आलं पाहिजे. तळाशी गेलं तर कुणी वाचत नाही. मिळेलच असं नाही.

दुसरी वाट बहुतेकांना ठाऊकच नसते. जपाननं २०१५ पासून क्रूझ जहाजांच्या प्रवाशांसाठी वेगळी उतरण्याची परवानगी सुरू केली आहे. ती व्हिसाशिवाय मिळते. पण जहाज तिथल्या इमिग्रेशननं त्यासाठी नियुक्त केलेलं असलं पाहिजे, अर्ज जहाजाच्या बाजूनं झाला पाहिजे, आणि तुम्ही त्याच जहाजानं देश सोडला पाहिजे. आपलं जहाज यात बसतं का हे ईमेलवरच विचारा. फोनवरच्या "हो, होऊन जाईल"ला काडीची किंमत नाही. उत्तराची प्रिंट काढून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.

तिसरी, जपानचा ई-व्हिसा प्रवासातूनच भरणं. त्याआधी अटी वाचा: तुम्ही राहता त्या देशातून तो मिळतो का, आणि बंदरातून आत येण्यासाठी चालतो का. कुठल्याही देशाच्या ई-व्हिसाला हा दुसरा प्रश्न विचाराच. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात तर प्रवेशाचं ठिकाण यादीतून निवडावं लागतं आणि त्यात विमानतळ, जमिनीवरची नाकी आणि बंदरं वेगवेगळी आहेत. सवयीनं हो ची मिन्ह सिटीचा विमानतळ निवडणारे पुष्कळ असतात. तुम्हाला बंदर निवडायचंय.

शेंगेनबद्दल एकच गोष्ट, पण ती मोठी आहे. लिस्बनहून कासाब्लांकाला गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. नंतर लास पाल्मास म्हणजे पुन्हा स्पेन, म्हणजे दुसरा प्रवेश. स्टिकरवर "नंबर ऑफ एन्ट्रीज"समोर "०१" असेल तर लास पाल्मासला उतरता येणार नाही. "०२" किंवा "मल्ट" (कितीही वेळा प्रवेश) हवं. अर्जात तसं मागा आणि पासपोर्ट परत आल्यावर पहिल्यांदा तोच रकाना बघा.

पासपोर्ट एकच असतो, हेही लोक विसरतात. शेंगेन, दक्षिण आफ्रिका, घाना, जपान, प्रत्येकाला तो हातात लागतो आणि प्रत्येकाकडे तो दोन-तीन आठवडे अडकू शकतो. म्हणून प्रवासाच्या तारखांना बांधलेले व्हिसे आधी काढा, दिल्या दिवसापासून मुदत धावणारे शेवटी. हाँगकाँगला पासपोर्ट पाठवावा लागत नाही. भारतीयांना तिथे २०१७ पासून ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती सहा महिने चालते, एका वेळी १४ दिवस राहता येतं, आणि छापील कागद सोबत लागतो. मॉरिशसला व्हिसा लागत नाही. पासपोर्टची कोरी पानं आजच मोजा. कमी असतील तर ६० पानी पासपोर्टसाठी आत्ताच अर्ज करा, ऑगस्टमध्ये नको.

नावाची भानगड आपल्या मराठी लोकांत फार होते. आपल्या पासपोर्टवर "गिव्हन नेम"मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. अमेरिकेतल्या कागदांवर वडिलांचं नाव कधी गळतं, कधी मधलं नाव म्हणून वेगळं पडतं. आय-२० (युनिव्हर्सिटी एफ-१ साठी देते तो कागद), जहाजाची प्रवासी यादी, हाँगकाँगची नोंदणी आणि पिवळ्या तापाच्या लसीच्या प्रमाणपत्राचं पुस्तक, चारही ठिकाणी नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर सारखं हवं.

पिवळ्या तापाची लस घानासाठी लागतेच, पण खरी कडक तपासणी पुढे आपल्याच कोचीत होते. भारतीय नागरिक आहोत म्हणून सूट नाही. घानासारख्या देशाच्या बंदराला लागून आलेल्या जहाजातून प्रमाणपत्राशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची नियमात तरतूद आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. उन्हाळ्यात घरी येणार असाल तर मुंबईत किंवा पुण्यात सरकारी केंद्रातच घ्या, तिथे खर्च फार कमी येतो. मात्र ठरावीक केंद्रांवर ठरावीक दिवशीच देतात, आधी चौकशी करून जा.

एफ-१ बद्दल थोडक्यात. सत्र तुमच्या युनिव्हर्सिटीनं मान्य केलेलं असेल आणि पाच महिन्यांच्या आत परत येत असाल तर सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदवहीतली) नोंद चालू राहते. आय-२० वरची युनिव्हर्सिटीची प्रवासासाठीची सही अमेरिकेत परत शिरता त्या दिवशी बारा महिन्यांच्या आतली हवी. तुमच्या मार्गावर तो दिवस कोबेनंतर जहाज होनोलुलूच्या बंदराला लागतं तो, नंतर विमानतळावर उतरता तो नव्हे. पासपोर्टमधला एफ-१ व्हिसाचा शिक्काही तेव्हा चालू हवा. कॅनडा-मेक्सिकोहून परत येताना संपलेल्या शिक्क्यावर मिळणारी सवलत या प्रवासाला लागू होत नाही. शिक्का मधेच संपत असेल तर वाटेतल्या बंदरात नवा मिळेल अशी आशा धरू नका.

जाता जाता दोन गोष्टी. भारतातल्या बँकेचा ओटीपी एसएमएसनं येत असेल तर समुद्रावर तो येणार नाही. निघायच्या आधी ॲपवर मंजुरी देण्याची सोय चालू करून घ्या. फोन विमान मोडवर ठेवा, जहाजावरच्या मोबाइल नेटवर्कला चुकून जोडला गेला तर रोमिंगचं बिल अंगावर येतं. आणि घरचे कोचीला भेटायला येणार असतील तर कोकण रेल्वेनं नेत्रावती किंवा मंगला एक्स्प्रेस एर्नाकुलमला नेते. त्यांना जहाजावर सोडतील असं धरून चालू नका. कोचीत जहाज लागतं त्या विलिंग्डन बेटावरच्या बंदराच्या गेटबाहेर भेटायचं ठरवा आणि जहाज सुटायची वेळ न सांगता तुमची परत चढायची वेळ त्यांना सांगा. ती आधीची असते, आणि चुकली तर पुढच्या बंदरातला तुमचा वेळ कापला जातो.

मी व्हिसाचा वकील नाही. नियम बदलतात, त्यामुळे प्रत्येक दूतावासाच्या स्वतःच्या साइटवर सगळं पुन्हा तपासा. तुमच्या तारखा पक्क्या झाल्या की इथेच टाका, कोबेची वजाबाकी मी करून बघतो.