नववीतली मुलगी सतत खुनाच्या कादंबऱ्या वाचते. पुस्तकं काढून घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की मुलीची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' दोनदा वाचून झाली, आता तिला त्या मालिकेचा तिसरा भाग वाढदिवसाला हवाय, आणि नावातच खून असलेलं पुस्तक पाहून तुमच्या पोटात गोळा येतो.

काढून घेऊ नका. निदान स्वतः वाचल्याशिवाय तरी नकोच. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि शिक्षिकाही नाही. माझी दहावीतली भाची याच पुस्तकापायी जेवणखाण विसरली, तेव्हा बहिणीने मला फोन केला, "वाचायचं वेड तूच लावलंस ना, आता तूच निस्तर." म्हणून वाचलं. मुलुंड ते सीएसएमटी, जाता-येता, चार दिवसांत संपलं. लेडीज डब्यात शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीने कव्हर पाहून विचारलं, "काकू, रवी आवडला का?" तोवर रवी यायचाच होता. पण आपण एकट्या नाही एवढं कळलं.

हॉली जॅक्सन या ब्रिटिश लेखिकेची ही 2019 सालची कादंबरी. पिप नावाची शाळकरी मुलगी प्रकल्पासाठी गावातलं पाच वर्षांपूर्वीचं प्रकरण निवडते. अँडी बेल नावाची मुलगी नाहीशी झालेली, तिचं प्रेतही मिळालेलं नाही. तिचा मित्र सॅल सिंग याने तिला मारलं आणि मग आत्महत्या केली, असं पोलीस म्हणाले आणि गावाने मान डोलावली. पिपला ते पटत नाही. सॅलचा धाकटा भाऊ रवी (तोच, काकूंना आवडायला हवा होता तो) तिच्या मदतीला येतो. मधे मधे मुलाखती, नोंदी, नकाशे, संशयितांची वाढत जाणारी यादी, असं सगळं छापलेलं आहे. त्यामुळे वाचणारी मुलगी पिपच्या बरोबरीने तपास करते, नुसती बघत बसत नाही.

भाचीची भूमितीची वही एकदा उघडली तर मागच्या पानांवर तक्ता. नाव, कारण, संधी, आणि चौथा रकाना तिने स्वतः पाडलेला: 'खोटं बोलला का?' त्यात एका नावापुढे पेन्सिलने लिहिलं होतं, 'हो, पण घाबरून.' माझ्या पोटातला गोळा तिथेच विरघळला. खोटं बोलणाऱ्याचं मन वाचायला जी मुलगी शिकतेय, तिची मला तितकी काळजी वाटत नाही. पुढे तिने त्याच पद्धतीने त्यांच्या जिन्यातला बल्ब कोण काढून नेतं याचा शोध लावला. उत्तर इथे लिहीत नाही, सोसायटीची सभा व्हायची आहे.

आता अंधार किती, ते मोकळेपणी सांगते, कारण तुम्हाला तेच हवंय. पहिल्या भागात ड्रग्ज आहेत. पेयात गुंगीचं औषध घालून मुलीवर केलेला अत्याचार आहे, त्याचं वर्णन नाही पण उल्लेख स्पष्ट आहे. आत्महत्येचा विषय आहेच. आणि पिपचा कुत्रा मरतो. भाची माणसांसाठी रडली नाही, कुत्र्यासाठी दोन दिवस रडली. दुसऱ्या भागात त्या अत्याचार करणाऱ्यावर खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो. यावर ती जितकी चिडली तितकी मी तिला कधी पाहिलेली नाही. "मावशी, मग पुरावे गोळा करायचे कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरं, तुमच्याकडे आहे?

रक्त पाहिजे म्हणून ही मुलं असलं वाचतात, हे मला पटत नाही. दहावीच्या मुलीच्या आयुष्यात तिचा निर्णय कुठला असतो सांगा. क्लासची वेळ दुसऱ्याने ठरवलेली, टक्के दुसऱ्याने, कॉलेजही जवळजवळ ठरलेलंच. पिपबद्दल भाचीचे शब्द असे होते: "सगळे मोठे तिला सांगतात, तू यात पडू नकोस. आणि ती पडते." सॅलबद्दल विचारलं, गोऱ्या गावात तो सावळा, सिंग आडनावाचा, म्हणून लोकांना पटकन खरं वाटलं असेल का गं? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वर्गात काही हरवलं की सगळ्यात आधी कोणाचं दप्तर तपासतात, ते सांगू तुला?" आणि सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. तोवर आईला, बाबांना, कोणालाच तिने ते सांगितलेलं नव्हतं. "अभ्यास कसा चाललाय" विचारून ते निघालंही नसतं.

आपलं तरी काय होतं? लालबागच्या चाळीत आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वडिलांच्या उशीखाली असायच्या. हजारावर लिहिल्या त्या माणसाने, झुंजार, काळा पहाड, सगळे आमच्या घरचेच. मी नारायण धारपांच्या भयकथांची. वाचनालयातून भाड्याने आणायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कारण आजी म्हणायची पोरीला बाहेरची बाधा होईल. बाधा झाली ती एवढीच की चाळीचा संडास गॅलरीच्या टोकाला, आणि रात्री तिथवर जायला धाकट्या भावाला पाच पैशांची लाच द्यावी लागायची. आज मी बँकेत कर्जाच्या फायली तपासते, कोणाच्या मानगुटीवर बसत नाही. कर्जदारांचं मत वेगळं असू शकेल.

तिसऱ्या भागाबद्दल मात्र माझं मत निराळं आहे. 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड' हा पहिल्या दोनांसारखा नाही. आधी जे घडलं त्याने पिप आतून मोडलेली आहे, झोप लागत नाही म्हणून चोरून गोळ्या घेते, कोणीतरी तिच्या पाळतीवर आहे. अर्ध्यावर आल्यावर ती जे करते त्यावरून वाचकांचे दोन तट पडलेत. मी फोडत नाही, पण ते बरोबर की चूक हे लेखिका पोरांना सांगत नाही. बहीण म्हणत होती दहावी संपेपर्यंत थांब. मी ऐकलं नाही, भाचीला लगेच घेऊन दिलं, आणि तीन रात्री तिच्या खोलीतला दिवा सुरू राहिला. ती चूक माझी. तुमची मुलगी नववीत आहे, तेव्हा तुम्ही आधी वाचा, मग द्या, आणि ती अर्ध्यावर पोहोचेल त्या आठवड्यात संध्याकाळी घरी असा. वाचण्याची वेळ रात्री दहाच्या आधीची ठरवून घेतलीत तर उत्तम. ती खात-पीत, भांडत, मैत्रिणींशी तासन्‌तास बोलत असेल तर पुस्तकाच्या मागे लागू नका. ती एकाएकी गप्प झाली, सगळ्यांपासून तुटली किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलली, तर कारण पुस्तक आहे की आणखी काही हे शोधत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

आणि एक. फुटपाथवरून घेऊ नका. मी फोर्टमधून दोनशे रुपयांत घेतलं. रात्री सव्वाअकराला भाचीचा फोन, आवाज रडवेला. 177 ते 192 पानं दोनदा, आणि त्यापुढचा सोळा पानांचा फर्मा गायब. पिप नेमकी दाराशी पोहोचलेली. मी तोवर ते वाचलेलं नव्हतं, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता. शेवटी तिच्या मैत्रिणीने सोळाच्या सोळा पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, त्यातली दोन धूसर. ती दोन दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये वाचून झाली. दुकानातून घ्या, आणि पैसे देण्याआधी पानं चाळून बघा.