पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. एवढं सगळं मोबाइलवर टाइप करणं मला जमायचं नाही, म्हणून कागद घेतला.

तुझी अडचण कळली. ग्रामपंचायतीत निवडून आलीस, गृहलक्ष्मीच्या मदतीचे आणि संध्या सुरक्षा पेन्शनचे अर्ज बायकांना भरून दिलेस, गावात नाव झालं. म्हणून आता पक्षवाल्यांच्या गाड्या दारात थांबायला लागल्या. एकजण तालुका पंचायतीचं तिकीट देतो म्हणाला आणि जाता जाता 'पुढं विधानसभेचंही बघू' असं सांगून गेला. महाराष्ट्र एकीकरण समितीतली जुनी माणसं म्हणतात, तिकडं गेलीस तर बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून चाललेल्या सीमालढ्याशी बेइमानी. वडील म्हणतात, कामं व्हायची असतील तर सत्तेबरोबर राहावं. आणि तू मला विचारतेस, 'काका, कुठल्या झेंड्याखाली उभी राहू?'

झेंड्याचं मागाहून. तुझ्या मेसेजात मधेच एक ओळ आहे, लिहून तू विसरलीही असशील: 'ओढ्यावरच्या पुलाचं साहेबांच्या कानावर घातलंय, ते बघतो म्हणालेत.' मला तिथंच राग आला. कानावर घातलंय म्हणजे काय केलंस? अर्ज दिलास? कुणाच्या नावे? त्यावर आवक नंबर पडला? पोच कुठं आहे?

पोच घे, पोरी. बाकीचं राजकारण त्याच्यानंतर.

मी कधी आमदार नव्हतो, तुला ठाऊक आहे. सोसायटीत कारकुनी केली आणि उमेदीची सगळी वर्षं समितीच्या आमदारांचे कागद सांभाळण्यात घातली. त्यामुळं आमदाराचा दिवस कसा जातो ते मी जवळून बघितलंय. उजाडायच्या आत ओसरीवर माणसं येऊन बसलेली. कुणाला बदली हवी, कुणाला हेस्कॉमचं विजेचं कनेक्शन, कुणाचा पोरगा पोलीस ठाण्यात. मग लग्नं, जत्रा, वास्तुशांत, मयत. हे सगळं करावंच लागतं. पण तेवढंच केलं तर पाच वर्षं संपतात आणि हाताशी काही राहत नाही. मतदार आमदाराला पाठवतात ते २२४ जणांच्या सभागृहात बसायला. आपल्या बेळगाव जिल्ह्याचे त्यात १८ जण, बेंगळूरु सोडलं तर एवढे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याचे नाहीत. तिथं बसून आपल्या माणसानं काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे गावात कुणी विचारत नाही. मी विचारत आलो, म्हणून पुष्कळांना नकोसाही झालो.

सभागृहाचं काम कसं चालतं ते नीट समजून घे, तुला विधानसभेची स्वप्नं पडतातच आहेत तर. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, वर्तमानपत्रात नाव येतं. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं, त्याची बातमी होत नाही. मला अतारांकितच जास्त प्रिय. कारण त्या उत्तरात खात्याला आकडा लिहून द्यावा लागतो. जंगलपट्ट्यातल्या एका मराठी शाळेत चार इयत्तांना एकच मास्तर होता. विचारायला गेलं की वर सांगायचे, दोन पदं आहेत आणि दोन्ही भरलेली आहेत. आम्ही प्रश्न टाकला. लेखी उत्तरातही तेच आलं. तो कागद घेऊन मी संबंधित कचेरीत गेलो आणि विचारलं, सभागृहाला तुम्ही दोन मास्तर सांगितलेत, दुसरा कुठं आहे ते दाखवा. दुसरा मास्तर कागदावर आमच्या शाळेचा आणि प्रत्यक्षात नेमणुकीवर भलतीकडं होता. महिन्याभरात परत आला. त्या आधी पालकांनी कितीदा तरी तोंडी सांगून बघितलं होतं, मोर्चाही नेला होता. हलवलं ते त्या एका कागदानं.

आणखी एक सांगतो. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाला तर ते आश्वासन धरलं जातं, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती असते ती खात्याला विचारते, त्याचं काय झालं. विश्रामगृहात चहा पिताना दिलेल्या शब्दाला असं विचारणारं कुणी नाही. म्हणजे विधानसभा ही सुद्धा पोच घ्यायचीच जागा, फक्त मोठी. ज्याला ग्रामपंचायतीत पोच घ्यायची सवय नाही तो तिथं जाऊनही कानावरच घालत बसेल.

२२ डिसेंबर २०२२ आठव. आपल्या हलग्याशेजारच्या सुवर्णसौधमध्ये, कर्नाटकाच्या बेळगावातल्या विधिमंडळात, ठराव झाला की कर्नाटकाची इंचभरही जमीन देणार नाही. एकमतानं झाला. पाच दिवसांनी, २७ तारखेला, नागपुरात महाराष्ट्राच्या विधानसभेनं सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात घेण्याचा ठराव केला, तोही एकमतानं. ज्या गावांबद्दल दोन्हीकडं हे ठराव झाले त्या गावांचं म्हणणं बेळगावच्या सभागृहात मांडायला समितीचा एकही माणूस नव्हता. १९६२ साली सहा होते. २०१३ ला दोन होते. २०१८ ला शून्य, २०२३ ला पुन्हा शून्य. मराठी मतांवर निवडून गेलेले त्या बाकांवर होते, पण ते पक्षाचे होते. एखादा जरी उठून म्हणाला असता, 'माझा विरोध नोंदवून घ्या', तर ठराव थांबला नसता, हे मलाही कळतं. पण सभागृहाच्या कार्यवाहीत त्या दिवशी आपली एक ओळ राहिली असती. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. पन्नास वर्षांनी कुणी ती कार्यवाही उघडली तर त्याला काय दिसेल? सगळे राजी होते. याचा मला जो त्रास होतो तो या वयात कुणाला सांगून कळत नाही.

आता कन्नडचं. 'मला कन्नड वाचायला येत नाही, पण चालून जातं' असं तू सहज लिहिलंस. नाही चालत. मी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला माणूस आहे. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढं उभा राहतो तेव्हा आजही घसा दाटतो. त्यानंतर मी कन्नड वाचायला शिकलो आणि बरोबरीच्या काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सक्तीला विरोध केलास, मग आता हे काय, म्हणून. मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो, सक्ती करणारं सरकार वेगळं आणि शेजाऱ्याची भाषा वेगळी. ती बसवण्णांची भाषा आहे, तिच्याशी माझं काय वैर? माझ्या घरी मराठीच बोलतात, माझ्या नातवंडांना मी मराठी शाळेतच घातलं. पण जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, नोटीस कन्नडमध्ये येते. राष्ट्रीय महामार्गाला जमीन घ्यायची अधिसूचना निघाली की हरकत द्यायला २१ दिवस असतात. हलगा-मच्छे बायपास आणि रिंगरोडच्या निमित्तानं आपल्या शेतकऱ्यांना हे चांगलं कळून चुकलंय. नोटीस कुणाकडून तरी वाचून घेण्यातच त्यातले आठ दिवस जाणार असतील तर तू त्यांची प्रतिनिधी कसली? ज्याला समोरचा कागद वाचता येत नाही त्याच्या पोचेवर काय लिहून देतात हेही त्याला कळत नाही.

मराठीतून बोलायचा हक्क सोड असं मी म्हणत नाही. घटनेचं कलम २१० काढून वाच. राज्याच्या भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत ज्या सदस्याला नीट मांडता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. ज्या १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीबरोबर आपण म्हैसूर राज्यात गेलो, तिनंच ३५० अ आणि ३५० ब ही कलमं आणली: पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा आयुक्त. एखाद्या तालुक्यात किंवा पालिकेत अल्पसंख्याक भाषेची माणसं १५ टक्के असली तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, असं संरक्षणाच्या योजनेत आहे. आपल्याकडं हे मोर्च्यात घोषणा म्हणून म्हणतात. तू कधी तुझ्या पंचायतीतून लेखी मागितलंस का, की या गावाला नोटीस मराठीतही द्या? मागितलंस तर दोनातलं एक होईल. देतील, किंवा देत नाही म्हणून लिहून देतील. नकारसुद्धा लेखीच घे. आयुक्तांकडं तक्रार करायची तर तो नकारच जोडायचा असतो.

बरं, झेंडा. तू पक्षात गेलीस म्हणून मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, ते माझ्या वाट्याला आलंय, दुसऱ्याच्या वाट्याला मी आणणार नाही. रस्ता, गटार, समुदाय भवन हे सत्तेतल्या माणसाला लवकर मिळतं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षाचा आमदार व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की त्याबाहेर मत देऊ शकत नाही, दिलं तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे सीमाप्रश्न, भाषा, शाळा या आपल्या दुखऱ्या जागेवर नेमकं तुझं मत तुझं राहणार नाही. हे कळून, मान्य करून जाणार असशील तर जा. तिकिटावर हुरळून मात्र जाऊ नकोस. तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि त्यानंतर निवडणुका रखडतच गेल्या. अशा तिकिटाच्या शब्दावर कुणी आयुष्याचं ठरवतं का?

मी का गेलो नाही? मलाही विचारणा झाली होती. माझ्याबरोबर पोस्टर चिकटवणारे गेले, त्यांच्या गल्ल्या काँक्रीटच्या झाल्या आणि माझ्या घरी मला त्याबद्दल ऐकावं लागलं. मी राहिलो, कारण 'आम्हाला विचारलं नव्हतं' हे १९५६ पासून म्हणत आलेली माणसं कमी होत गेली तर एक दिवस तसं म्हणणारं कुणी उरणारच नाही. याला कुणी हट्ट म्हणो. विधानसभेला उभं राहायची इच्छा मलाही होती. दरवेळी पुढच्या खेपेला म्हणून थांबवलं गेलं, मी थांबलो, आणि ती सल आहे. त्याहून मोठी सल २०१८ च्या निवडणुकीची. समितीचे दोन गट, त्यांचे वेगळे उमेदवार, आपलीच माणसं एकमेकांची मतं खात होती आणि आम्ही काही जण रात्री-रात्री या घरातून त्या घरात जाऊन हात जोडत होतो.

मतं नाहीत असं मात्र कुणाकडून ऐकून घेऊ नकोस. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. हातात सत्ता नाही, पैसा नाही, तरी. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या. म्हणजे तेच लोक, काही महिन्यांच्या अंतरानं. का, याचा विचार कर. १७ जानेवारीला आणि १ जूनला हुतात्म्यांसाठी, १ नोव्हेंबरला काळ्या दिनासाठी आपण लोकांना हाक देतो आणि ते येतात. पण त्यांच्या गल्लीतल्या नळाचं आपण काय केलं याचा एक कागद आपल्याला दाखवता आला नाही. तू समितीत राहिलीस तर हे बदलायला राहा. नुसतं निष्ठेचं सर्टिफिकेट मिळवायला राहणार असशील तर मला त्यात काही रस नाही.

ऐक गे, चिडून लिहितोय असं वाटेल. तू तुझ्या वयाच्या पोरींपेक्षा कितीतरी जास्त करतेस. पाऊस लागला की ओढ्यापलीकडची पोरं शाळेला मुकतात हे तुझ्याआधीच्या सदस्यांनाही दिसत होतंच, पण झोप तुझी उडाली. म्हणून तर इतकं लिहावंसं वाटलं.

तर आता पुलाचं. येत्या ग्रामसभेत ठराव मांड, वर्षाला किती पोरं किती दिवस अडकतात ते त्यात घाल. ठरावाची नक्कल पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, सही-शिक्क्यानिशी घे. मग अर्ज तीन ठिकाणी: तालुका पंचायत, जिल्हा पंचायतीचे सीईओ आणि आमदार. आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, ते तुझ्या गावाचे आमदार आहेत. अर्जात शेवटी स्पष्ट लिही की, येत्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा. तिन्हींच्या दुय्यम प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. कुणी 'ठेवून जा, बघतो' म्हणालं तर तिथंच बाकावर बसून राहा, पण पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नकोस.

रविवारी दुपारी ये. अर्जाचा मराठी मसुदा तू कर, कन्नड मी करून ठेवतो. सही करण्याआधी तो मला मोठ्यानं वाचून दाखवायचास, अडखळत का असेना.

तुझा,
काका