ओटीपी किती मिनिटं जिवंत असतो?

रत्नागिरीत मी समुपदेशन करते. दहावी-बारावीचे पालक, नवरा-बायको, नोकरी सुटलेली मुलं ही माझ्याकडची नेहमीची माणसं. अलीकडे त्यांत आणखी एक रांग लागली आहे. ती खोलीत येत नाही, फोनच्या पडद्यावर येते. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी राहायला गेलेले आईवडील, नाहीतर त्यांच्या वतीनं बोलणारी त्यांची मुलं. प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. ‘इथं कशाला काही कमी नाही, पण बाबा दिवसेंदिवस गप्प होत चाललेत. डिप्रेशन असेल का? परत गावी पाठवू का?’

गेल्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा आला, म्हणून अण्णांची हकीकत लिहिते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. राजापूर तालुक्यात गाव, जांभ्याचं घर, मागे हापूसची कलमं. वय चौऱ्याहत्तर. मुलगा टोरंटोच्या बाजूला. गौरी-गणपती आटोपले आणि त्यानं अण्णांना आणि त्यांच्या पत्नी माईंना सुपर व्हिसावर, म्हणजे कॅनडात मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीच्या व्हिसावर नेलं. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यामुळे ‘सहा महिने राहून येतो’ म्हणून निघालेली माणसं बघता बघता तिथलीच होऊन जातात. जानेवारीत मुलाचा मला मेसेज आला. बाबा खोलीबाहेर येत नाहीत, हाक मारली तरच जेवायला येतात, रात्री झोपत नाहीत. ‘गावी हा माणूस दिवसभर बोलायचा हो.’

तिथले सकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच. ती वेळ ठरली. पहिल्या दोन भेटींत मी जे शिकले होते तेच केलं. झोप, भूक, मन कशात रमतं का, सगळं विचारलं. वृद्धांसाठीची पंधरा प्रश्नांची नैराश्याची चाचणी घेतली, आकडा काठावर आला. मग गाव काढलं. मी धरूनच चालले होते की या माणसाला समुद्र आठवतोय, मोहोर आठवतोय. अण्णा शहाण्या विद्यार्थ्यासारखी उत्तरं देत होते. ‘येते की आठवण. येणारच.’ ज्याचा जीव खरंच गावात अडकलाय तो असा एका ओळीत आटपत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

तिसऱ्या भेटीत मी काहीतरी विचारत होते आणि ते मधेच म्हणाले, ‘मॅडम, एक विचारू? ओटीपी किती मिनिटं जिवंत असतो हो?’

मी म्हटलं, पाच, दहा, बँकेवर आहे. का?

मग पाऊण तास तेच बोलले.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. दरवर्षी अण्णा चालत बँकेत जायचे, सही करायचे, साहेबांबरोबर चहा घेऊन यायचे. या वर्षी ते कॅनडात. दाखला गेला नाही आणि डिसेंबरची पेन्शन जमा झाली नाही. ती झाली की नाही हेही बघता येईना, कारण बँकेच्या ॲपमध्ये शिरायला ओटीपी लागतो. तो जायचा त्यांच्या गावच्या नंबरावर, आणि ते सिम होतं त्यांच्या बटनांच्या फोनमध्ये. त्या फोनला विमानातून उतरल्यापासून नेटवर्कच नव्हतं. अण्णांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. रोज सकाळी फोन बंद करून परत चालू करायचे.

मग पुतण्याला हाताशी धरलं. बँक आपल्याकडे सकाळी दहाला उघडते, तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. पुतण्या बँकेत जाऊन व्हॉट्सॲपवर फोन लावायचा, काउंटरवरच्या माणसाकडे द्यायचा, पलीकडून ऐकू यायचं नाही, रांगेतले ओरडायचे. अण्णा अंधारात पलंगावर बसून हे ऐकत. म्हणजे मुलानं सांगितलेली आणि मी लगेच कागदावर उतरवून घेतलेली ‘रात्री झोपत नाहीत’ ही गोष्ट खरी होती, पण तिचं कारण बँकेची वेळ होती!

‘मुलाला का नाही सांगितलं?’

‘सांगितलं एकदा. तो म्हणाला, बाबा, पेन्शनची काय चिंता करता, मी आहे ना.’

हे ‘मी आहे ना’ मी आजवर कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलंय. मायेनंच म्हणतात, त्यात खोट नाही. पण ज्या माणसानं सारी नोकरी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी गावातल्या म्हाताऱ्यांच्या हातावर मोजून ठेवल्या, ज्याच्या ओटीवर लोक फॉर्म भरून घ्यायला यायचे, त्याला स्वतःची पेन्शन आली की नाही हे कळत नाही आणि पोरगा म्हणतो, ते कळायची गरजच नाही. गप्प होईल नाहीतर काय?

माईंचं तसं झालं नव्हतं. भारतातून नेलेला मिक्सर तिथं घरघर करून बंद पडला, कारण तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपला मिक्सर २३० चा. मोहरीची फोडणी टाकली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. माई शेजारच्या पंजाबी बाईंकडे गेल्या, मोडक्या हिंदीत विचारून आल्या, चुलीवरचा पंखा आधी लावायला शिकल्या, आणि सोलकढीचा नारळ तिथल्याच मिक्सरमध्ये फिरवू लागल्या. व्होल्टेज चढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरसाठी घ्यायचा तर तो मिक्सरहून जड. मी तरी सुचवत नाही. माईंना आयुष्यभर कोणाला ना कोणाला विचारायची सवय होती. अण्णांना सवय होती ती लोकांनी आपल्याला विचारण्याची.

मी चाचणी बाजूला ठेवली. अण्णांना म्हटलं, एक आठवडा नोंदवही ठेवा. ज्या ज्या गोष्टीसाठी मुलाला किंवा सुनेला विचारावं लागलं, ती वेळ घालून लिहा. पोस्टातला माणूस, वही अशी आली की बघत राहावं. तारीख, वेळ, काम, कोणाला विचारलं, काम झालं की नाही असे रकाने आखलेले. सात दिवसांत एकतीस नोंदी. घराचा हीटर कमी-जास्त करायची तर ते सुनेच्या फोनमधल्या ॲपवरून. दाराचा आकडा बदलला, कोणी सांगितलं नाही. औषधाच्या दुकानात पॅरासिटामॉल मागितली, मुलीला कळेना. तिथं तिला असेटामिनोफेन म्हणतात. आणि एक नोंद अशी: ‘शुगर ८.२. खाली गेली असावी. दोन आंबावड्या खाल्ल्या. कोणाला विचारलं नाही.’

ही वाचून मी खुर्चीतच सरळ बसले. अण्णांनी इथून नेलेल्या शुगर मशिनच्या पट्ट्या संपल्या म्हणून मुलानं तिथलं नवं मशीन आणून दिलं. आपल्याकडची मशिनं मिलिग्रॅममध्ये दाखवतात, कॅनडातली मिलिमोलमध्ये. तिथल्या आकड्याला अठरानं गुणलं की आपला आकडा येतो. ८.२ म्हणजे जवळजवळ १४८. शुगर खाली गेली नव्हती, आणि मधुमेही माणूस वरून आंबावड्या खात होता. परदेशी आईवडील असलेल्यांनी निदान ही एक गोष्ट आजच्या आज फोन करून सांगावी. मशिनवर चिठ्ठी चिकटवा: गुणिले १८.

मग मी मुलाला एकट्याला बोलावलं. हुशार मुलगा, कामाचा उरक जबरदस्त. तोच घोटाळा होता. अण्णांनी काही विचारलं की तो ‘द्या इकडे’ म्हणून फोन घ्यायचा, चार ठिकाणी बोट फिरवायचा, ‘झालं’ म्हणून परत द्यायचा. झालं खरं, पण कसं ते अण्णांना कळत नसे, आणि दोन दिवसांनी परत विचारायची लाज वाटे. मी एकच अट घातली. पुढच्या शनिवारी मी फोनवर असेन, त्या वेळात बाबांच्या फोनला हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं.

त्याआधी नंबर जिवंत आहे का ते बघितलं. आपल्याकडे प्रीपेड नंबर सलग नव्वद दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी तीस दिवस नंबर राखावा लागतो. अण्णांना जाऊन एकशे दहा दिवस होत आले होते. पण ‘अडीनडीला असू देत’ म्हणून त्यांनी शंभर रुपयांचा टॉकटाइम आधीच टाकून ठेवला होता. त्या जुन्या सवयीनं नंबर वाचला. गेला असता तर पुढेमागे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, आणि मग बँक, आधार सगळीकडे नंबर बदलण्याची वारी.

शनिवारी मुलानं रिचार्ज केलं आणि रोमिंगचा पॅक टाकला. उरला तो फोन. तो बंद पडलेला नव्हताच. आपल्याकडचे बरेच स्वस्त बटनांचे फोन जुन्या टू-जी नेटवर्कच्या ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतात, उत्तर अमेरिकेत हे पट्टे त्या जुन्या नेटवर्कला कधी नव्हतेच. हे सांगितलं तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. म्हणाले, ‘म्हणजे मी रोज उगाच बंद-चालू करत होतो तर.’ आणि हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा, असं माई मागून म्हणाल्या.

सिम काढून मुलाच्या जुन्या स्मार्टफोनमध्ये घालायचं होतं. बटनांच्या फोनमधलं सिम मोठ्या चौकटीतलं, त्यातून मधला छोटा तुकडा अलगद दाबून काढायचा. अण्णांची बोटं जाड, थोडी थरथरणारी. ट्रे उघडायला पिन नव्हती, माईंनी पदराची सेफ्टीपिन दिली. दोनदा ट्रे उलटा गेला. मुलगा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता, मला दिसत होतं. पंचवीस मिनिटं लागली. मग नेटवर्कची एक काडी आली, दुसरी आली, आणि मेसेज धडाधड पडायला लागले, बहुतेक सगळ्या जाहिराती. अण्णा प्रत्येक मोठ्यानं वाचत होते. सिमची रिकामी चौकट त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.

हयातीचा दाखला त्यामानानं सोपा निघाला. परदेशी राहणाऱ्या केंद्र सरकारच्या पेन्शनरानं बँकेत प्रत्यक्ष यायलाच हवं असं नाही. भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची, नोटरीची किंवा मॅजिस्ट्रेटची सही चालते. नोव्हेंबरात टोरंटोकडची वकिलात यासाठी कॅम्पही लावते. अण्णांनी कागद सही करून घेऊन कुरिअरनं बँकेत पाठवला आणि अडकलेली पेन्शन मागच्या बाकीसकट जमा झाली. वयाची ऐंशी ओलांडलेल्यांना केंद्राच्या पेन्शनीसाठी हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हे माहीत असूनही लोक नोव्हेंबरपर्यंत थांबतात.

दोन गोष्टींवर मात्र मी मुलाशी वाद घातला. एक, पुतण्याकडे सिम ठेवायची त्याची कल्पना. ‘तो ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवेल.’ घरचाच माणूस असला तरी नको. एकदा ओटीपी फोनवर सांगायची सवय लागली की उद्या पोलिसाच्या आवाजात बोलणाऱ्या भामट्यालाही सांगितला जातो. दोन, गावच्या घराची बिलं. मुलाला ती स्वतःच्या खात्यातून आपोआप जायला हवी होती. महावितरणचं बिल बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून कुठूनही भरता येतं, घरपट्टीचं पुतण्या बघतो. मी म्हटलं, विजेचं बिल अण्णा भरतील. चुकलं तर चुकू दे, दंड किती, पाच-पंचवीस रुपये? बंद घराचं बिल दर महिन्याला बघणं म्हणजे घरावरून एक फेरी मारून येणं आहे.

बँकेच्या खात्याचं मात्र त्यांना सीएकडे पाठवलं. कायमचं किंवा बेमुदत बाहेर राहायचं ठरलं की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं, आणि त्याच्या व्याजावर तीस टक्के व वर उपकर असा कर आधीच कापला जातो. २०२३ पासून कॅनडासकट काही देशांतल्या मोबाइल नंबरावर अशा खात्याला यूपीआय जोडायची मुभा आहे, बँकेनं ती सोय दिली असेल तर. हा माझा प्रांत नाही. पण यातलं काहीच कोणी सांगत नाही म्हणून बाबा गप्प होतात, तिथं तो माझा प्रांत होतो.

सगळ्यांच्या गप्प बसण्यामागे ओटीपी असतो असं नाही. बिलं, पेन्शन, फोन सगळं सुरळीत असूनही दोन-दोन आठवडे मन कशात लागत नसेल, अन्न नको वाटत असेल, जगण्याचा कंटाळा तोंडी येत असेल, तर वही आखत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. अण्णांचंही सगळं मिटलेलं नाही. होळीला पालखी नाचताना ते नसतात, त्याचं दुःख आहे आणि ते राहणार. त्यावर आम्ही आता बोलतो, आणि आता उत्तरं एका ओळीत येत नाहीत.

मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा अण्णा विजेच्या बिलाची पावती मला दाखवायला शोधत होते. ॲप हळू चालत होतं. पडद्याच्या कडेनं मुलाचा हात आला, सवयीनं, फोन घ्यायला. अण्णांनी वर न बघता फोन दुसऱ्या हातात घेतला.