निळ्या टँगच्या अंगावरचे पांढरे ठिपके : खाऱ्या पाण्यातील आजारी माशाची शुश्रूषा

प्रश्न : माझ्याकडे साधारण ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत प्रवाळ, दोन क्लाऊनफिश आणि एक क्लीनर श्रिंप (माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी कोळंबी) आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी बोटभर लांबीचा निळा टँग आणून थेट या टाकीत सोडला. दहा दिवसांपूर्वी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. चार दिवसांत ते आपोआप गेले, म्हणून मी निर्धास्त झालो. परंतु कालपासून ते पुन्हा, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, आले आहेत. मासा दगडांवर अंग घासतो, त्याचे कल्ले भरभर हलतात आणि दोन दिवसांपासून त्याने काही खाल्लेले नाही. अधूनमधून तो दगडांच्या फटीत आडवा पडून राहतो, तेव्हा तो मेला की काय असे वाटून माझा जीव खालीवर होतो. अन्नात लसणाचा रस मिसळावा आणि पाण्याचे तापमान वाढवावे, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? मासा वाचेल का?

उत्तर : आडवे पडण्याची भीती आधी दूर करतो. घाबरलेला निळा टँग फटीत शिरून कुशीवर निपचित पडतो, ही या जातीची सवयच आहे. निरोगी मासाही तसे करतो. काळजी करण्यासारखी लक्षणे आहेत ती दुसरीच, म्हणजे भरभर हलणारे कल्ले आणि बंद झालेले खाणे. मासा अजून पोहत आहे आणि अंग घासण्याइतके त्राण त्याच्यात आहे, त्या अर्थी तो वाचण्याची चांगली शक्यता आहे. मात्र आपल्याला आजच हालचाल करावी लागेल आणि पुढचे दोन-अडीच महिने चिकाटी ठेवावी लागेल.

आपण केलेल्या वर्णनावरून हा समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा रोग दिसतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याची नोंद केली आणि १९५१ मध्ये त्याच्या परजीवीला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव मिळाले. ठिपके गेले आणि पुन्हा आले, याचे उत्तर या परजीवीच्या जीवनक्रमात आहे. आपल्याला दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून तेथील पेशींवर जगणारा एक जीव होय. तीन ते सात दिवस पोसला गेल्यावर तो, बहुधा रात्रीच्या अंधारात, माशाला सोडून तळाशी जातो आणि वाळूवर, दगडावर किंवा काचेवर स्वतःभोवती कठीण पुटी तयार करतो. त्या पुटीत त्याचे विभाजन होते आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी एकेका पुटीतून सुमारे दोनशेपर्यंत नवे जीव बाहेर पडून माशाचा शोध घेऊ लागतात. म्हणजे ठिपके नाहीसे झाले तेव्हा रोग गेला नव्हता. तो माशावरून उतरून टाकीच्या तळाशी वाढत होता. सुरुवातीच्या काळात मी स्वतः याच फसव्या शांततेला भुलून उपचार नवव्या दिवशी थांबवले होते आणि त्यात दोन मासे गमावले, म्हणून हे इतके आग्रहाने सांगत आहे.

लसणाने भूक थोडी चाळवली तरी परजीवी मरत नाही. तापमान वाढवल्याने त्याचा जीवनक्रम तेवढा वेगाने फिरतो, आणि त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू कमी होतो. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच; कल्ल्यांना इजा झालेल्या माशाच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरू शकतो. तापमान २५-२६ अंशांवरच स्थिर ठेवावे. क्लीनर श्रिंपवरही विसंबू नये, कारण हे परजीवी त्वचेखाली असतात आणि तिला ते उचलून काढता येत नाहीत.

उपचार मुख्य टाकीत करता येणार नाहीत, कारण या रोगावर खात्रीने चालणारे उपाय प्रवाळांना आणि कोळंबीला मारक असतात. त्यासाठी ६० ते ८० लिटरची स्वतंत्र उपचार टाकी लागेल. तीत वाळू किंवा दगड घालू नये. हीटर, स्पंज फिल्टर, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे दोन-तीन रुंद तुकडे एवढे सामान पुरेसे आहे. लपायला जागा नसलेला टँग भीतीनेच खचतो, त्यामुळे हे तुकडे औषधाइतकेच महत्त्वाचे समजावेत. टाकीच्या तीन बाजू गडद कापडाने झाकाव्यात आणि दिवा मंद ठेवावा. तिन्ही मासे तेथे हलवावेत. क्लाऊनफिशवर ठिपके दिसत नसले तरी परजीवी त्यांच्या कल्ल्यांत असू शकतात, आणि मुख्य टाकीत एकही मासा मागे राहिला तर रोग त्याच्यावर जगत राहील. टँगला जाळीने पकडू नये, कारण शेपटीच्या बुडाशी असलेले त्याचे धारदार काटे जाळीत अडकून त्याला जखम होते; पाण्यात बुडवलेल्या पारदर्शक डब्यात त्याला हळूहळू वळवून घ्यावे.

आता प्रत्यक्ष उपचार. तांब्याचे औषध आणि पाण्याची क्षारता कमी करणे हे दोन मार्ग प्रस्थापित आहेत. दर ७२ तासांनी माशाला पूर्ण कोरड्या केलेल्या नव्या टाकीत हलवत राहण्याचा तिसरा मार्गही चांगला आहे, परंतु इतक्या थकलेल्या माशाला वारंवार पकडणे मला योग्य वाटत नाही. तांबे भूक मंदावते, आणि आपला मासा आधीच उपाशी आहे. त्यामुळे माझा कल क्षारता कमी करण्याकडे आहे.

त्यामागचे कारण समजून घेतले तर पुढची मेहनत जड जाणार नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर माशाच्या शरीरातील द्रवांत त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून खाऱ्या पाण्यातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते; ती तूट भरून काढण्यासाठी तो अखंड समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. परजीवींनी कल्ले आणि त्वचा पोखरली की हे काम कोलमडते आणि मासा भर पाण्यात कोरडा पडू लागतो. भोवतालचे पाणी त्याच्या शरीरातील द्रवांइतकेच खारट केले तर त्याची ही ओढाताण थांबते, वाचलेली शक्ती जखमा भरण्याकडे वळते, आणि दुसरीकडे परजीवींच्या पुट्यांची वाढ खुंटते.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनता; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) १.०२५ वरून १.००९ पर्यंत, दोन दिवसांत, थोडे थोडे खारे पाणी काढून तेवढेच शुद्ध गोडे पाणी घालत उतरवावे. मोजणी अचूक जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरनेच (क्षारता मोजण्याच्या उपकरणानेच) करावी, १.०१२ वर परजीवी तग धरू शकतो, त्यामुळे येथे अंदाज चालत नाही. बाष्पीभवनाने क्षारता रोज थोडी वाढते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासून गोड्या पाण्याची भर घालावी. पीएचही खाली घसरतो. तो ८ च्या आसपास ठेवण्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून अगदी थोडा घालता येतो. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून पुढे ३० दिवस ही पातळी टिकवावी. क्वचित काही परजीवी कमी क्षारतेलाही दाद देत नाहीत, १.००९ वर दोन आठवडे झाल्यानंतरही नवे ठिपके येत राहिले तर क्षारता पूर्ववत करून तांब्याकडे वळावे.

एका गोष्टीची खात्री मात्र आजच करून घ्यावी. अंगावर सुटे कण दिसण्याऐवजी बारीक पिठासारखी धूळ दिसत असेल, मासा प्रकाश टाळत असेल आणि पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून उभा राहत असेल, तर तो वेल्वेट हा निराळा आणि फार वेगाने मारणारा रोग असतो. त्याच्यावर कमी क्षारतेचा उपयोग होत नाही. तेथे वेळ न दवडता तांबेच वापरावे लागते.

राहिला प्रश्न खाण्याचा, आणि माझ्या मते मासा जगतो की नाही हे बहुतेक वेळा येथेच ठरते. निळा टँग शेवाळ आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो; निसर्गात त्याचे चरणे दिवसभर चालते, त्यामुळे उपास त्याला सोसत नाही. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा चिमट्याने पाइपच्या तोंडाजवळ लावून ठेवावा आणि आपण दूर व्हावे. काचेजवळ उभे राहून तो खातो का हे पाहत राहिल्यास तो बाहेर येणारच नाही. शेवाळाला तोंड लावले नाही तर जिवंत आर्टेमिया (कोळंबीसारखे इवलेसे जीव) द्यावेत, कारण हालचाल करणारे भक्ष्य पाहून आजारी मासाही कधी कधी झडप घालतो. सुरुवातीला दोन-चार घास पुरेत. दिवसातून चार वेळा अगदी थोडे द्यावे आणि उरलेले दहा-पंधरा मिनिटांत काढून घ्यावे. डोळ्यांच्या वरचा भाग आणि पोट खपाटीला गेलेले दिसणे थांबले की मासा सावरू लागला, असे समजावे.

शेवटी थोडे परखडपणे सांगतो. हा मासा वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत होतो, तेव्हा ३०० लिटरची टाकी त्याला पुढे अपुरी पडेल. तो बरा झाल्यावर मोठ्या टाकीचा विचार अवश्य करावा.

प्रश्न : मी उपचार टाकीत तांब्याचे औषध वापरत आहे. ठिपके कमी झाले, परंतु पाचव्या दिवसापासून मासा पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकतो. मात्रा वाढवावी का?

उत्तर : मात्रा वाढवू नये, आधी अमोनिया तपासावा. नव्या स्पंज फिल्टरमध्ये उपयुक्त जिवाणू पुरेसे वाढलेले नसतात, आणि समुद्री पाण्याचा पीएच जास्त असल्याने त्यातील अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच अधिक असतो. उपचार टाकीत दगावणाऱ्या अनेक माशांचा बळी रोगापेक्षा अमोनियाच घेतो, असे माझे निरीक्षण आहे. अमोनिया दर लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमवर गेला तर त्याच क्षारतेच्या आणि तापमानाच्या ताज्या पाण्याने निम्मे पाणी बदलावे, आणि नव्या पाण्यात तांब्याची तेवढीच मात्रा आधीच मिसळून घ्यावी. अमोनिया बांधून ठेवणारी रसायने तांब्यासोबत वापरू नयेत, कारण त्यांच्यामुळे तांबे माशाला अधिक विषारी होऊ शकते.

तांबे साधे असेल तर त्याची पातळी दर लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावी. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या तांब्याच्या) प्रकारांची मात्रा याच्या कितीतरी पट असते आणि ती उत्पादकाच्या सूचनेनुसारच ठेवावी. आपले टेस्ट किट आपल्या औषधाच्या प्रकारासाठीच आहे ना, हे पडताळून पाहावे. तांब्याने फक्त पाण्यात मोकळे फिरणारे परजीवी मरतात, त्वचेखालचे किंवा पुटीतले नाहीत; म्हणून सलग ३० दिवस पातळी एकदाही खाली जाऊ देता कामा नये.

प्रश्न : आमचा मासा आता ठणठणीत आहे. त्याला मुख्य टाकीत कधी सोडावे?

उत्तर : मुख्य टाकी माशांविना किती दिवस राहिली आहे, यावर ते ठरते. या परजीवीच्या पुट्या ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे, म्हणून मी ७६ दिवस मोजतो. या काळात प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी तेथेच राहू द्यावीत. त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. परंतु नवे प्रवाळ किंवा गोगलगाय आणली तर तिच्या शंखावरून पुटी येऊ शकते आणि दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. दोन्ही टाक्यांसाठी जाळ्या, बादल्या आणि नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि उपचार टाकीत घातलेला ओला हात तसाच मुख्य टाकीत घालू नये.

क्षारता कमी केलेली असेल तर ती वाढवताना घाई करू नये, १.००९ वरून १.०२५ वर येण्यास किमान एक आठवडा द्यावा, कारण क्षारता उतरणे मासा सहज सोसतो, चढणे मात्र त्याला फार जड जाते. पूर्ण क्षारतेवर आणखी दोन आठवडे निरीक्षण करून एकही ठिपका आला नाही, तर संध्याकाळी दिवे मंद करून त्याला सोडावे.