'द ब्रेक-अप'मध्ये शेवटी दोघं एकत्र येत नाहीत, मग ती रोमँटिक कॉमेडी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की हलकाफुलका सिनेमा म्हणून 'द ब्रेक-अप' लावला आणि शेवटी ती दोघं वेगळीच झाली, तर याला रोमँटिक कॉमेडी का म्हणायचं. शिवाय दिवाळीनंतर लग्न आहे, दोघांनी मिळून फ्लॅट बघणं चालू आहे, तर होणाऱ्या नवऱ्याला हा सिनेमा दाखवावा का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. दाखवा, आणि फ्लॅटचं बुकिंग करायच्या आधी दाखवा.

मी नागपुरात फ्लॅटच्या रिसेलचं काम करते. त्यामुळे मला हा सिनेमा आधी एका फ्लॅटचा वाटतो आणि मग प्रेमाचा. २००६ चा सिनेमा, दिग्दर्शक पेटन रीड, गाव शिकागो. गॅरी (विन्स वॉन) पर्यटकांच्या बसवर गाइड, ब्रूक (जेनिफर अॅनिस्टन) आर्ट गॅलरीत नोकरीला. लग्न झालेलं नाही, पण घर दोघांनी मिळून घेतलेलं. नातं तुटतं आणि घर सोडायला दोघांतलं कोणीच तयार नाही. बेडरूम तिची, हॉल त्याचा, आणि तिच्या नाकावर टिच्चून त्या हॉलमध्ये तो पूल टेबल आणून ठेवतो. त्यांचा मित्रच त्यांचा ब्रोकर आहे. शेवटी घर विकून टाका हे सांगायची पाळी त्याच्यावर येते. मित्रांच्या घराचा व्यवहार हातात घेतलेल्या कोणालाही त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण लगेच कळेल.

भांडणाची सुरुवात लिंबांवरून होते. दोन्हीकडची माणसं जेवायला येणार असतात. टेबल सजवायला तिनं बारा लिंबं सांगितलेली, तो तीनच आणतो आणि येऊन टीव्हीसमोर बसतो. पाहुणे गेल्यावर ती म्हणते, भांडी घासायला मदत कर. तो म्हणतो, नंतर करू. मग कुरकुरत उठायला लागतो, तेव्हा ती म्हणते की तू नुसती भांडी घासावीस असं नाही, ती घासावीशी तुला वाटली पाहिजेत. त्याला हे कळतच नाही. भांडी घासावीशी कोणाला वाटतात? माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या संसाराच्या सिनेमांमध्ये एवढं खरं भांडण क्वचितच आलं असेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तिला भांड्यांचं पडलेलं नाही, आणि त्याला खरोखरच वाटतं की बोलणं भांड्यांबद्दलच चाललंय.

कॉमेडी आहे ती इथेच. ब्रूक नातं तोडते ते त्याला आपली किंमत कळावी म्हणून. त्याला वाटतं, हिला आपण नकोच आहोत. मग ती दुसऱ्या मुलांबरोबर बाहेर जायला लागते आणि तो घरी पार्ट्या करतो. दोघांच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसतं, त्यांना एकमेकांचं दिसत नाही. विनोदी नाटकाचा हा जुनाच पाया आहे. १९३७ च्या 'द ऑफुल ट्रुथ'मध्येही तेच आहे. केरी ग्रँट आणि आयरीन डन नवरा-बायको, घटस्फोटाचा अर्ज केलेला, कुत्रा कोणाकडे राहणार यावर कोर्टात वाद, आणि घटस्फोट पक्का व्हायला काही मिनिटं उरलेली असताना दोघं परत एक होतात. दिग्दर्शक लिओ मॅककेरी यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. 'द ब्रेक-अप'नं ही सगळी रीत उचलली, पण कळायची वेळ पुढे ढकलली. गॅरीला कळतं तेव्हा तो घर आवरतो, स्वतः स्वयंपाक करतो, मनापासून माफी मागतो. तोवर तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. ती चिडत नाही, सूड घेत नाही, फक्त थकलेली असते. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं ते याच प्रसंगामुळे असणार. मला मात्र हा प्रसंग सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

मधला भाग ढिला आहे, हे कबूल. स्ट्रिप पोकरची, म्हणजे हरेल त्यानं कपडे उतरवायच्या पत्त्यांच्या डावाची पार्टी नसती तरी चाललं असतं.

इकडची एक गोष्ट सांगते. मनीषनगरकडचा एक टू बीएचके विकायला आला होता. नवरा-बायको वेगळे होत होते, पण दोघंही तिथेच राहत होते. मे महिना, दुपारी चारच्या सुमारास मी गिऱ्हाईक घेऊन गेले. हॉलच्या खिडकीत कूलर जोरात चालू, पण हवा भट्टीसारखी. टाकीत पाण्याचा थेंब नाही, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या सुकून कडकडीत झालेल्या. पाणी कोणी भरायचं यावर दोघांचं अडलेलं. ती आतून म्हणाली, "मी काहून भरू? हॉल त्यांचा आहे." ते म्हणाले, "वापरते तर तीही ना जी." गिऱ्हाईकाबरोबर आलेल्या काकूंनी काही न बोलता मोरीतला पाइप ओढला आणि कूलर भरला. पाच मिनिटांत हॉल गार झाला आणि वाळ्याचा वास पसरला. ते दोघं आपापल्या दारात उभे राहून बघत होते. पुढे तो फ्लॅट विकला गेला, रजिस्ट्रीला दोघं आले, सह्या करून वेगवेगळ्या ऑटोनं गेले. मला ती दोन्ही माणसं चांगली वाटली होती, आजही वाटतात.

सिनेमा बघताना एक फरक ध्यानात ठेवा. गॅरी-ब्रूकचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे घर विकलं की त्यांचं प्रकरण मिटलं. आपल्याकडे लग्नानंतर परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब प्रमाणे आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. एका छताखाली राहूनही कायद्याच्या दृष्टीनं वेगळं राहता येतं, ते कसं दाखवायचं हे वकिलाला विचारायचं. बँकेला मात्र यातलं काहीच दिसत नाही. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर पूर्ण हप्त्याची जबाबदारी दोघांवरही असते, नातं राहो न राहो. "मी घर सोडलं, आता हप्ता तो भरेल" असं म्हणणाऱ्या मुलींचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणारे गुण, कोसळलेला मी बघितला आहे. आणि घर दोघांच्या नावावर असेल तर विकायला सही दोघांचीही लागते.

म्हणून होणाऱ्या नवऱ्याबरोबर बसून बघा. लिंबांचा प्रसंग संपला की थांबवा आणि त्याला विचारा की यात चूक कोणाची. तो काय उत्तर देतो त्यापेक्षा तुमचं ऐकून घेतो का, ते बघा. फ्लॅट घ्यायचं ठरलं तर डाउन पेमेंटमध्ये कोणाचे किती पैसे गेले आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जाणार, हे लिहून दोघांनी सह्या करा आणि बँकेच्या नोंदी सांभाळून ठेवा. घरची मोठी माणसं म्हणतील, लग्नाआधीच असले कागद कशाला. त्यांना सांगा, घराचा बयाणा देताना इसारपावती करतो तसंच हेही.