दार उघडण्याआधी मागे बघ

लायसन्स नवीन आहे म्हणून सांगतो. गाडी चालवताना तू जपतोसच, घोळ होतो तो इंजिन बंद केल्यावर. पोचलो एकदाचे, असं वाटतं आणि हात आपसूक दाराकडे जातो.

एक सवय आत्ताच लावून घे. दाराजवळचा नव्हे, लांबचा हात खटक्याकडे न्यायचा. खांदा वळतो, त्याबरोबर मानही, आणि आरशात न दिसलेला सायकलवाला दिसतो. नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ब्रिटनने २०२२ मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमावलीत, घातली. ताशी २० किलोमीटरने येणारा सायकलवाला सेकंदाला साडेपाच मीटर कापतो. दार अचानक समोर आलं तर ब्रेकला बोट लागेपर्यंत तो दारावर असतो. म्हणून आधी चार बोटं उघड, पुन्हा बघ, मग उतर. आणि दार सताड उघडं ठेवून पिशव्या काढत बसू नकोस.

जबाबदारीचं म्हणशील, तर "तोच येऊन धडकला" हे सहसा चालत नाही. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही इतरांना धोका नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडायला मनाई आहे. धडकणारा भरधाव असेल तर थोडा दोष त्याच्याकडे जाऊ शकतो, एवढंच. मागचं दार कुणी आतून उघडू नये म्हणून मी चाइल्ड लॉक लावूनच ठेवतो, पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू देत.

धडक झालीच तर आधी माणसाकडे धाव. फोटो नंतर, पण दार हलवण्याआधी.