गोपनीयता जपून डेटाची विकेंद्रित देवाणघेवाण: या विषयातील संशोधनात करिअर करावे का?

आपण साताऱ्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि विचारले आहे की, गोपनीयता राखून डेटा वाटून घेणाऱ्या विकेंद्रित प्रणालींच्या संशोधनात पोटापाण्याची सोय होते का, गणित किती लागते, आधी ब्लॉकचेन शिकावे का, आणि हे साताऱ्यात राहून जमेल का. मी मूळची मिरजेची. याच विषयात पीएच.डी. केल्यावर काही वर्षे बंगळुरूत एका कंपनीच्या संशोधन विभागात होते. आता सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि संशोधनही करते.

ब्लॉकचेनचे आधी सांगते, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदवही. सार्वजनिक ब्लॉकचेनवरील नोंदी एका मालकाच्या हाती नसतात हे खरे, पण त्या सर्वांना दिसतात आणि पुसता येत नाहीत. रुग्णाची माहिती तिथे लिहिली तर ती चव्हाट्यावरच येईल. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे; तो अशा ठिकाणी बजावायचा कसा, हा प्रश्न उरतोच. ब्लॉकचेन जरूर शिका, पण अनेक साधनांपैकी एक म्हणून. या क्षेत्रातील संशोधकाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: अनेकांच्या डेटावर एकत्र केलेला हिशेब संपल्यावर कोणाला काय कळेल, आणि कोणी कोणाशी संगनमत केले तर आणखी काय कळेल?

एक उदाहरण कागदावर करून पाहा. मिरजेत रुग्णालयांना तोटा नाही. समजा, त्यांतील तिघांना या आठवड्यात डेंग्यूचे एकूण किती रुग्ण आले हे हवे आहे, मात्र स्वतःचा आकडा कोणालाच उघड करायचा नाही. पहिल्याकडे १७, दुसऱ्याकडे २४ आणि तिसऱ्याकडे ९ रुग्ण आहेत. पहिले रुग्णालय १७ चे तीन तुकडे करते: ४१२ आणि ८७३ हे यादृच्छिक घ्यायचे आणि तिसरा ७३२ असा ठरवायचा की बेरीज २०१७ व्हावी, हजाराच्या पटी सोडून दिल्या की १७ उरतात. दुसरे त्याच रीतीने ६५५, ९८ आणि २७१ असे तुकडे करते, तर तिसरे ३४०, ५०१ आणि १६८ असे. प्रत्येकाचा पहिला तुकडा पहिल्या रुग्णालयाकडे जातो, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा तिसऱ्याकडे. हाती आलेल्या तुकड्यांची बेरीज करून, हजाराच्या पटी सोडून, तिघे आपापला आकडा जाहीर करतात: ४०७, ४७२ आणि १७१. त्यांची बेरीज १०५०, म्हणजे ५०. एकूण रुग्ण कळले, आणि सुटा तुकडा हाती आलेल्याला त्यातून काहीही उमगले नाही. मध्ये कोणी विश्वासू मध्यस्थ लागला नाही, हे या विषयाचे मर्म आहे. १९७९ मध्ये आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली यांनी स्वतंत्रपणे गुपिताचे तुकडे करण्याच्या पद्धती मांडल्या, १९८२ मध्ये अँड्र्यू याओ यांनी गुप्त माहितीवर एकत्र हिशेब करण्याचा प्रश्न मांडला, आणि त्यावर पुढची इमारत उभी राहिली.

आता खरी मेख पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रुग्णालयाने हातमिळवणी केली तर ती ५० मधून आपले ३३ वजा करतील आणि पहिल्याचे १७ काढतील. कितीही भक्कम क्रिप्टोग्राफी (माहिती गुप्त राखण्याचे गणिती तंत्र) हे रोखू शकत नाही, कारण ती माहिती उत्तरातच आहे. म्हणून या क्षेत्राची दुसरी शाखा, उत्तर स्वतः काय फोडते याचा अभ्यास करणारी, मला तितकीच महत्त्वाची वाटते. लटान्या स्वीनी यांनी दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड एवढ्यावरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखू येण्याजोगे आहेत. नाव खोडणे म्हणजे गोपनीयता नव्हे. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी डिफरन्शियल प्रायव्हसीची व्याख्या दिली. त्यात उत्तरात मोजूनमापून गोंगाट, म्हणजे यादृच्छिक फेरफार, मिसळतात, जेणेकरून एखादी व्यक्ती यादीत असली काय आणि नसली काय, उत्तरात फारसा फरक पडू नये. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध करताना हीच कल्पना वापरली. किती गोंगाट घातला की माहिती निरुपयोगी होते, यावर आजही वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत.

हे सगळे कागदोपत्रीच राहते का, अशी शंका आपल्याला येईल. आपल्या ऊसपट्ट्यातील माणसाला जवळचे वाटेल असे उत्तर डेन्मार्कमध्ये आहे. तिथे साखर बीटपासून होते आणि सुमारे १२०० शेतकऱ्यांना बीट पुरवण्याचे करार आपसांत विकायचे होते. कोणता शेतकरी कोणत्या भावाला किती विकायला तयार आहे, यावरून त्याची सांपत्तिक स्थिती कळते, आणि बीट घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. तिच्या हाती बोली देणे शेतकऱ्यांना नको होते. जानेवारी २००८ मध्ये कंपनी, शेतकरी संघटना आणि संशोधक अशा तिघांच्या संगणकांनी बोलींच्या तुकड्यांवर हिशेब करून एकच भाव काढला. सुट्या बोली कोणालाच दिसल्या नाहीत. मला या कामाचे मोल फार वाटते, कारण दुबळ्या बाजूला सौद्यात उतरण्यासाठी आपले पत्ते उघडे करावे लागले नाहीत.

भारतातही वाव मोठा आहे. ग्राहकाच्या संमतीने एका वित्तसंस्थेकडील त्याची माहिती दुसरीकडे पोचवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेत मधल्या संस्थेला ग्राहकाचा डेटा वाचता येत नाही, ही रचना चांगली आहे. पण संमती दिली की कर्ज देणाऱ्यापर्यंत खात्याचा तपशील पोचतोच. त्याला तपशिलाऐवजी ‘हप्ता झेपेल की नाही’ एवढेच उत्तर देता येईल का? फेडरेटेड लर्निंगबाबतही सावध राहा. अनेक ठिकाणच्या डेटावर मिळून एकच संगणकीय मॉडेल शिकवण्याची ही पद्धत. त्यात डेटा जागेवर राहतो आणि फक्त मॉडेलमधील बदल बाहेर जातात, परंतु त्या बदलांवरून मूळ चित्रे पुन्हा काढता येतात, हे २०१९ मध्ये दाखवले गेले आहे.

गणित लागते आणि त्याला बगल देता येत नाही: संभाव्यता, रेषीय बीजगणित, थोडा संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), आणि सर्वांत जास्त सिद्धता लिहिण्याची सवय. संभाव्यतेचा पाया कच्चा असेल तर तो आधी पक्का करा. प्रोग्रॅमिंग नंतरही सुधारते. पैशांचे स्पष्ट सांगायचे तर २०२३ पासून कनिष्ठ संशोधनवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. ती मिळाली तर एकट्याचे भागते, पण पीएच.डी.ला साधारण पाच वर्षे लागतात आणि घरच्यांना ही कल्पना आधीच दिलेली बरी. पुढे मोठ्या कंपन्यांचे संशोधन विभाग, वित्त व आरोग्य क्षेत्रातील कंपन्या आणि अध्यापन असे मार्ग आहेत. जागा मोजक्या असतात, पण तयारीचे उमेदवारही मोजकेच असतात.

पीएच.डी.साठी साताऱ्याबाहेर पडा, असेच मी सांगेन, कारण या विषयात रोज वाद घालायला माणसे लागतात. सुरुवात मात्र तिथेच होईल. या विषयातील बहुतेक निबंध आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ई-प्रिंट संग्रहात फुकट वाचता येतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक विषय सुचवते: दोन पतसंस्थांना आपल्या सभासदांची यादी न दाखवता, दोघींकडेही थकबाकीदार असलेले कर्जदार कोण, एवढेच कळावे. मोबाइल क्रमांकांचे हॅश (क्रमांकावरून ठरावीक सूत्राने काढलेले सांकेतिक ठसे) एकमेकींना पाठवावे, असे बहुतेकांना पहिल्यांदा सुचते. दहा अंकी क्रमांक इतके थोडे आहेत की साध्या संगणकावर सगळ्यांचे हॅश काढून यादी उलगडता येते. आधी तेच स्वतः करून दाखवा. मग प्रायव्हेट सेट इंटरसेक्शनची, म्हणजे याद्या न उघडता दोन्हींतील सामाईक नावे काढण्याची, एखादी पद्धत बनावट याद्यांवर चालवा, दहा हजार सभासदांना किती वेळ आणि किती इंटरनेट लागते ते मोजा, आणि एका संस्थेने यादीत खोटी नावे घुसवली तर तिला काय कळेल, हेही अहवालात लिहा.